न लावलेल्या दाव्याची नोटीस

प्रश्न : मुलगा चार वर्षं न्यू जर्सीत नोकरीला होता, आता ठाण्यात परत आलाय. त्याला तिथल्या मोबाइल कंपनीविरुद्धच्या ‘क्लास अ‍ॅक्शन’ तडजोडीचा ईमेल आला आहे. ‘काही न केल्यास तुमचे हक्क संपतील,’ असं त्यात म्हटलंय. त्याने तर कधी दावाच लावला नव्हता! ही फसवणूक आहे का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : त्या वाक्याने घाबरू नका, खऱ्या नोटिशीतही ते असतंच. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी नियमांतल्या नियम २३ प्रमाणे एक-दोन ग्राहक सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात, तोच ‘क्लास अ‍ॅक्शन’. नुकसानभरपाईच्या अशा दाव्यात कोर्टाने ठरवलेल्या व्याख्येत बसणारा प्रत्येक जण आपोआप सामील धरला जातो. १९६६च्या दुरुस्तीपासून हीच रीत आहे : बाहेर पडायचं असेल त्यानेच कळवायचं. गप्प बसलात तर स्वतंत्र दावा लावायचा हक्क जातो, आणि जिथे अर्ज भरावा लागतो तिथे पैसेही मिळत नाहीत.

आधी खरंखोटं बघा. ईमेलमधल्या लिंकवर न जाता, कोर्टाचं नाव आणि केस नंबर घेऊन ‘पेसर’ या फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन नोंदींत दावा शोधा. भरपाईसाठी आधी फी मागितली, तर मेल सरळ डिलीट करा.

खरी असेल तर तारखा वहीत उतरवून ठेवा : अर्जाची, बाहेर पडण्याची, हरकतीची आणि अंतिम सुनावणीची. पोस्टाने पाठवणार असाल तर त्या तारखेपर्यंत टपालाचा शिक्का हवा की कागद पोचायला हवा, हे नीट वाचा. इथेच बरेच अर्ज बाद होतात. अर्जात नोटिशीवरचा क्लेम नंबर आणि त्या काळातला अमेरिकेतला पत्ता घाला. माहिती खरी असल्याची शपथ असते, तेव्हा अंदाजाने काही भरू नका.

वकिलांची फी बहुधा तडजोडीच्या रकमेतूनच, कोर्टाच्या मंजुरीने जाते. उरलेलं वाटून येतं, तेही अपिलं निकाली निघाल्यावर. हाती थोडेच डॉलर येतील, म्हणून स्वतंत्र वकील करण्यात अर्थ नाही. मोठं नुकसान झालं असेल तरच बाहेर पडण्याचा विचार करावा. पैसे ऑनलाइन घेण्याची सोय असेल तर तीच निवडा. दहा-बारा डॉलरचा अमेरिकी चेक ठाण्याच्या बँकेने घेतलाच, तरी कमिशनमध्येच संपेल.