वर्गात मुलांमध्ये आपलेपणा आणि दुसऱ्याची जाण वाढवायला चित्रं-तक्ते खरंच उपयोगी पडतात का?

पडतात, पण भिंतीवर टांगलेले सगळ्यात कमी.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात चौथीला शिकवते. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडचे ऊसतोड कामगार येतात, त्यांची काही मुलं आमच्या वर्गात बसतात आणि मार्चच्या सुमारास निघून जातात. चार-पाच महिन्यांत त्यांना वर्ग आपला वाटायला हवा.

पहिल्या वर्षी मी हौसेनं भावनांचा तक्ता लावला. हसरा, रडका, रागावलेला चेहरा. सकाळी आल्यावर आपल्या नावाचा चिमटा हव्या त्या चेहऱ्याला लावायचा. आठवड्याभरात सगळे चिमटे हसऱ्यावर! एकानं रडक्यावर लावला होता, त्याला मधल्या सुट्टीत पोरांनी सळो की पळो केलं होतं. तक्ता काढला.

पुढं एकदा 'माझं घर' काढायला सांगितलं. कौलं, गच्ची, दारात बुलेट असं सगळं आलं आणि एका कागदावर वरवर बघता नुसता त्रिकोण. शेजारचा म्हणाला, "हा तंबू हाय व्हय?" इथं मी बोलले असते तर भाषण झालं असतं. त्याऐवजी चित्र फळ्यावर लावलं आणि तीन प्रश्न विचारले : काय चाललंय यात? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? (हे प्रश्न माझे नाहीत. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी चित्रं बघायला शिकवण्यासाठी पद्धत बसवली, तिच्यातले आहेत. खरं काम 'कशावरून?' करतो.) मुलांना चूल दिसली, बैल दिसला, दाराशी टेकवलेला कोयता दिसला. मग तो पोरगा उठला आणि कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची तात्पुरती झोपडी, कशी उभी करतात, पाऊस आला तर कुठून गळते, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून किती पैसे सुटतात, हे सांगत सुटला. गाववाल्या पोरांच्या घरी ऊस आहे, पण तोडणाऱ्याचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर महाराष्ट्राचा नकाशा आणि लोकर. प्रत्येकानं आपल्या गावापासून शाळेपर्यंत दोरा लावायचा. आमच्या पोरांचा दोरा नखाएवढाही होईना, त्याचा तीनशेहून जास्त किलोमीटरचा. नकाशावर तोच भारी ठरला.

पण सगळ्यात कामाचं चित्र मुलांना दाखवायचंच नाही. सहलीत शेजारी कोण हवं, तीन नावं चिठ्ठीवर लिहून घ्या. घरी कागदावर प्रत्येकाचं वर्तुळ काढा आणि निवडीचे बाण ओढा. याकोब मोरेनो यांनी १९३४च्या पुस्तकात मांडलेला हा समाजमितीचा आलेख, डी.एड.ला आपण तो पाठ करून विसरतो. एकतीस मुलांत चौघांकडं एकही बाण नव्हता. तिघं कोपीवरचे असणार हे धरून चालले होते. चौथी आमच्याच गावातली, कायम पहिल्या बाकावर बसणारी मुलगी निघाली. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती.

मग बाक बदलले, नकाशाच्या कामाला जोड्या मुद्दाम लावल्या. फेब्रुवारीत पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या तेव्हा तिच्याकडं दोन बाण होते, कोपीवरच्या दोघांकडं एकेक. तिसऱ्याकडं तेव्हाही नाही, आणि पुढच्याच महिन्यात त्याची टोळी गेली. तो कागद मात्र कपाटात कुलपात ठेवा. मुलांच्या हाती लागला तर चिमट्यांपेक्षा वाईट.