कादंबरीचा शेवट आणि सुनेचे मौन

कथा-कादंबऱ्या फार वाचल्याने मनावर वाईट परिणाम होतो का, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात समुपदेशन करताना मला अनेकदा विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा वाचणाऱ्याच्या घरचे असतात. मोबाईलच्या वेडाचे आता कोणाला नवल उरलेले नाही; परंतु घरातली एखादी व्यक्ती रात्री उशिरापर्यंत कादंबरी वाचत बसते आणि वाचता वाचता रडते, हे पाहून घर खरोखर घाबरते. अशाच एका घराची हकीकत येथे मांडत आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कापूस वेचणीच्या ऐन हंगामात एक सासूबाई आपल्या तिशीतल्या सुनेला घेऊन आल्या. “म्याडम, लायब्ररीतलं पुस्तक वाचून इच्या डोक्यात काई फरक तं नाई पडला ना? जेवते, वावरात येते, पण आठ दिवस झाले, कोनाशी धड बोलत नाई,” असे त्यांनी बसताबसताच सांगितले. सून मान खाली घालून बसली होती. सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसवून मी तिला झोप, भूक, कामातली गोडी आणि जगणे नकोसे वाटते का, हे सारे विचारले. शेवटचा प्रश्न मी कोणाच्याही बाबतीत टाळत नाही. तिची भूक बरी होती, काम सुटलेले नव्हते, मरणाचा विचार मनात आलेला नव्हता. झोप मात्र कमी होती, कारण घर निजल्यावर ती वाचायला बसे आणि पहाटे उठून स्वयंपाक आटोपून वेचणीला जाई.

मग तिने जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. गावातले वाचनालय ‘ड’ वर्गाचे, म्हणजे 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांपैकी सर्वांत खालच्या वर्गातले. तिथे संध्याकाळी पुरुष मंडळी वर्तमानपत्र वाचत बसलेली असतात, म्हणून ती शाळकरी पुतण्याच्या हाती चिठ्ठी देऊन पुस्तके मागवी. अशीच एक जाड कादंबरी तिच्या हाती आली. पुठ्ठा निखळलेला, दोरा सुटलेला, आणि शेवटचा अख्खा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा संच, गहाळ. नायिका माहेरचे घर सोडून बसथांब्यावर उभी आहे, एवढ्यावर वाक्य अर्धवट तुटले होते. पुढे काय झाले असेल, याचा विचार ती वेचणी करताना, भाकरी थापताना, रात्री अंथरुणावर करत राहिली. त्या बाईला तिने मनातल्या मनात शहरात नेले, खोली मिळवून दिली, शिवणकामाला लावले. ते दिवस फार आनंदाचे होते, असे ती म्हणाली तेव्हा पहिल्यांदा तिने मान वर केली.

पुढे पुतण्याने तालुक्याच्या ग्रंथालयातून त्याच कादंबरीची धड प्रत आणली. लेखकाने नायिकेला दोनच पानांत माघारी आणले होते, तिच्याकडून माफी मागवली होती आणि कादंबरी संपवली होती. “तिनं तसं केलंच नसतं,” असे ही सून मला ठामपणे म्हणाली. त्या दिवसापासून तिने पुस्तक हाती धरले नव्हते.

कथेत मन गुंतले की वाचकाला तेवढ्यापुरता आजूबाजूचा विसर पडतो आणि त्याच्या भावना कथेतल्या माणसांच्या मागे जातात. मानसशास्त्रात 2000 सालापासून या गुंतण्याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. ज्यांना आपण कधी भेटणार नाही, अशा व्यक्तींशी जडणाऱ्या एकतर्फी जिव्हाळ्याचे वर्णन तर 1956 मध्येच रेडिओ-दूरदर्शनच्या संदर्भात झाले होते. असा जिव्हाळा जडलेला असताना लेखकाने पात्राशी अन्याय केला, तर वाचकाला होणारे दुःख खरे असते. त्याला आजार म्हणणे मला पटत नाही. ललित साहित्य वाचल्याने दुसऱ्याचे मन अधिक कळते, असे 2013 च्या एका गाजलेल्या अभ्यासात म्हटले होते, पण पुढच्या चाचण्यांत तो निष्कर्ष तसाच हाती आला नाही. म्हणून ‘वाचनाने सून समजूतदार होईल’ असे आश्वासन मी घरच्यांना देत नाही. वाचनाचा आनंद हेच वाचण्याचे पुरेसे कारण आहे.

सुनेच्या संमतीने सासूबाईंना आत बोलावले आणि तिला ती कथा पहिल्यापासून सांगायला सांगितले. ती अडखळत सुरू झाली, मग रंगली. फाटक्या प्रतीचा शेवट आला तशी ती थांबली, आणि सासूबाईंच्या तोंडून निघून गेले, “मंग त्या पोरीचं काय झालं?” त्यावर मी त्यांना एवढेच विचारले की श्रावणात पोथीत सीतेला वनात सोडण्याचा प्रसंग येतो तेव्हा त्यांचे काय होते. त्या म्हणाल्या, “डोये भरून येते, अन् काय.” पोथी दहा जणींच्या सोबतीने ऐकली जाते आणि रडूही सोबतीने येते, सून एकटी वाचत होती, एकटी रडत होती आणि रागही एकटीच गिळत होती. माझ्या मते तिच्या मौनाचे मूळ इथे होते.

उपाय साधेच ठरले. मध्यरात्रीनंतरचे जागरण बंद करून जेवणानंतरचा तासभर तिच्या वाचनाचा धरायचा, आणि त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही. अपुऱ्या झोपेने चिडचिड होते, तिचा दोष पुस्तकाला देऊ नये. न आवडलेले पुस्तक अर्ध्यात सोडण्याची आणि लेखकावर रागावण्याची तिला पूर्ण मुभा आहे, हेही मी स्पष्ट सांगितले, कारण छापलेल्या शब्दाला नावे ठेवणे पाप आहे, असे तिच्या मनात होते.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक जवळजवळ रोज राहिली, जेवणखाण तुटले, कशातच रस उरला नाही किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर वाचनाच्या चर्चेत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

संक्रांतीनंतर दोघी पुन्हा आल्या. सुनेने नवी कादंबरी कंटाळवाणी म्हणून मध्येच परत पाठवली होती, आणि सासूबाईंची त्यावर तक्रार होती, कारण रोज संध्याकाळी कापसातला काडीकचरा निवडताना त्या ती सुनेकडून ऐकत होत्या आणि त्यांना शेवट हवा होता.