सगळ्यांचं ऐकायचं की स्वतःचं? जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातलं एक प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सारख्याच दोन-तीन प्रकरणांतून ही हकिकत बांधली आहे.)

मुलगा २७ वर्षांचा, कृषी पदवीधर. चार वर्षं पुण्यात एमपीएससीची तयारी, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत मजल. घरी सहा एकर केळी. वडील म्हणतात परत ये, मामा म्हणतात अजून एकदा बस, मावशीकडे स्थळ तयार, रूममेट म्हणतो एवढ्यावर येऊन सोडू नकोस. त्याची तक्रार अशी : "ज्याच्याशी बोलतो त्याचं पटतं. संध्याकाळी दुसऱ्याचं पटतं. माझं स्वतःचं काही मत आहे की नाही, तेच कळत नाही."

याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. 'मनाचं ऐक' आणि 'मोठ्यांनी चार पावसाळे जास्त पाहिलेत, त्यांचं ऐक'. दोन्ही अर्धवट आहेत, कारण कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे दोन्हीत सुटून जातं.

सिमीन वझिरे या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली यावर नेमका अभ्यास मांडला. चिंता, दडपण, आतली घालमेल यांचा अंदाज माणसाला स्वतःचा स्वतःला बरा येतो. हुशारी आणि कल्पकता मात्र मित्रांना जास्त अचूक दिसते, कारण तिथे आपल्याला स्वतःला चांगलं समजायचंच असतं. म्हणून मी त्याला कागदावर तीन रकाने पाडायला सांगितले : फक्त मलाच कळेल असं, इतरांना दिसतं असं, आणि कोणाच्याच मताचा संबंध नाही असं. तिसऱ्यात जागांची संख्या, वयोमर्यादा, पुण्यातला महिन्याचा खर्च, एकरी रोपं-खत-ठिबकचा खर्च. त्याच्या डोक्यातला निम्मा गोंधळ या तिसऱ्या रकान्यातलाच निघाला. आकडे शोधायचे सोडून तो मतं गोळा करत होता.

मग क्रम. कोणालाही विचारण्याआधी आपलं उत्तर लिहून ठेवायचं. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचं कापल्यानंतर भरणारं वजन ओळखायची स्पर्धा होती. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. हे जमलं, कारण प्रत्येकाने आपापली चिठ्ठी भरली होती. उलट मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत आधीच्या सगळ्यांनी मोठ्याने चुकीचं उत्तर दिलं की सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. अंगणातल्या बैठकीत हेच होतं. काका आधी बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि पाच मतं मिळाली असं वाटतं. ते एकच मत असतं.

आणखी एक फरक फार महत्त्वाचा. बैलाचं वजन काट्यावर तपासता येतं. 'गावी जाऊ की पुण्यात राहू' याला काटा नाही. तेव्हा लोकांकडून अंदाज घ्यावेत, निरीक्षणं घ्यावीत. निकाल मागू नये.

'मी काय करू?' हा प्रश्न त्याला बंद करायला लावला. पाच माणसं निवडली, प्रत्येकाला वेगळं, साधारण वीस मिनिटं : परीक्षा पास झालेला एक, सोडून दुसरं काम करणारा एक, नात्यात नसलेला केळी-उत्पादक, रूममेट आणि धाकटी बहीण. घरातल्या बैठकीत बहिणीला सहसा कोणी विचारत नाही, पण तिचं लक्ष सगळीकडे असतं. सोडणाऱ्याला : "उशिरा सोडलं असं वाटतं का, कशावरून?" शेतकऱ्याला : "पहिल्या वर्षी रोख किती अडकते? वादळात बाग आडवी झाली तर किती मागे जातो?" बहिणीला : "मी चिडचिड करत नाही ते दिवस कोणते?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं, वाद घालायचा नाही.

बहीण म्हणाली, शेजाऱ्यांचे पीकविम्याचे अर्ज भरताना आणि व्यापाऱ्याशी भावावर बोलताना. रूममेट म्हणाला, "नोट्स भारी काढतो, पण उत्तरं लिहायची वेळ आली की पुन्हा वाचायलाच बसतो." हे त्याला स्वतःला कधीच दिसलं नव्हतं. रूममेटचा सल्ला बाजूला ठेवण्यासारखा होता, निरीक्षण लाखमोलाचं. वडिलांनाही 'काय करू' न विचारता "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" असं विचारायला सांगितलं. उत्तर आलं : मजूर मिळत नाहीत.

दरम्यान दोन आठवडे रोज एक ओळ लिहायची, वेगवेगळ्या वेळी : आत्ता मला काय करावंसं वाटतं? घरून फोन आला की उत्तर शेती, मित्राचा निकाल लागला की परीक्षा. मूडबरोबर फिरतं ते उत्तर बहुधा चिंतेचं असतं; त्याला आतला आवाज समजण्याची चूक फार जण करतात. न फिरणारी एकच ओळ सापडली : 'गावी राहायला हरकत नाही, पण बाबांच्या हाताखाली नको.' हा पर्याय कोणीच सुचवला नव्हता.

(झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर ही लिखापढी थांबवून आधी उपचार घ्यावेत. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.)

मग ९० दिवसांची चाचणी. कांदेबागेतला (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीतला) एक एकर त्याच्या एकट्याकडे, वेगळी हिशेबवही, शिवाय परीक्षेच्या सरावाची रोज तीन उत्तरं लिहायची. केळीचा घड हाती यायला वर्षभर लागतं, म्हणून उत्पन्नावर पारख नको असं आधीच ठरवलं. पारख कामावर : ठिबकातून खत वेळेवर गेलं का, पिलं (बुंध्याशी येणारे फुटवे) वेळेवर काढली का, सीएमव्ही या विषाणूरोगाची झाडं दिसताच उपटली का. उत्तरं २७० पैकी २०० च्या खाली राहिली तर परीक्षा सोडायची, हेही सुरुवातीलाच लिहून ठेवलं. रेघ नंतर ठरवायला गेलं, तर माणूस ती आपल्या सोयीने सरकवतो.

हिशेबवही पूर्ण भरली. उत्तरं झाली ४१. पुढचा अर्ज त्याने भरला नाही. वडिलांशी बोलून तीन एकरांचा खर्च आणि हिशेब वेगळा केला, मजुरांचं काम मात्र एकत्र ठेवलं. मावशीचं स्थळ अजून ताटकळलेलं आहे.