बुंदीचा झारा आणि सूर्यग्रहण

प्रश्न: मी कोथरूडला दुपारच्या शाळेत सहावीला सायन्स शिकवते. २ ऑगस्ट २०२७ ला सोमवार आहे आणि ग्रहण नेमकं शाळेच्या वेळेत. मागे एकदा ग्रहणाला आमच्याकडे पडदे ओढून मुलांना वर्गात बसवून ठेवलं होतं, यावेळी मला दाखवायचंय. मुलं ५८ आणि ग्रहणाच्या चष्म्यांचं बजेट जेमतेम दहाचं. काही पालक घरातला जुना एक्स-रे देतो म्हणतायत, चालेल का?

उत्तर: मॅडम, एक्स-रे नाही म्हणजे नाही. काजळी धरलेली काच, सीडी, साधा गॉगल, एकावर एक चार गॉगल, यातलं काहीच नको. त्यातून सूर्य मंद दिसतो म्हणून पोरं निवांत बघत बसतात, पण डोळ्याला न दिसणारे किरण आत जातच असतात आणि डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजतंय हे त्या क्षणी समजतच नाही, काही तासांनी मधोमध डाग दिसायला लागतो तेव्हा कळतं. आणि आपल्याकडे हे खंडग्रास आहे (खग्रास बघायला इजिप्तमधल्या लक्सरला जावं लागेल, तिथे सहा मिनिटांच्या वर अंधार), म्हणजे पुण्यात एक सेकंदही उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नाही.

दहा चष्मे पुरतात हो. आयएसओ १२३१२-२ (सूर्य बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेले घ्या, आणि नुसत्या लिहिण्यावर जाऊ नका, घालून खोलीत बघा, काळोखच दिसला पाहिजे. ओरखडा असेल तर सरळ कचऱ्यात. लहान तोंडावरून तो घसरतो म्हणून कागदी डिशला भोकं पाडून त्यात चिकटवा, पूर्ण तोंड झाकलं जातं. खाली बघून लावायचा, मग वर बघायचं, परत खाली बघून काढायचा. मोबाईल किंवा दुर्बीण चष्म्यासमोर अजिबात नको.

पण खरी मजा सूर्याकडे पाठ करून आहे. २०२२ मध्ये दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ग्रहण होतं तेव्हा मी बाल्कनीत बुंदीचा झारा धरला. आधी भिंतीला अगदी जवळ धरला तर नुसती झाऱ्याची गोल भोकं दिसली, म्हटलं फसलं, मग मागे मागे सरकत गेले आणि थोड्या अंतरावर प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं छोटं चित्रच झालं, त्याला एकाच बाजूने चावा दिसायला लागला, जणू भिंतभर कुणीतरी उष्टावलेली मारी बिस्किटं. भाचा तर सगळी मोजत बसला.

५८ जणांना एकदम दाखवायचं तर आरसा. खिशातला छोटा आरसा घ्या, काळ्या कागदाने झाका, मधे बोटाच्या टोकाएवढं भोक ठेवा, चौकोनी पडलं तरी चालतं, भिंतीवर सूर्याचाच आकार उमटतो. पश्चिमेच्या खिडकीत कणकेच्या गोळ्यात रोवून ऊन अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर फेका. दहा मीटरवर सूर्य नऊ सेंटीमीटरचा होतो, शेवटच्या बाकालाही चावा कळेल. सूर्य साधारण दोन मिनिटांत स्वतःएवढा सरकतो म्हणून आरसा हलवत राहावं लागतं, ते तुम्हीच करा, पोरांच्या हातात दिलात की शेजाऱ्याच्या डोळ्यात गेलाच म्हणून समजा.

ऑगस्ट म्हणजे ढग असणारच, त्याला इलाज नाही. जुलैत ऊन पडेल त्या दिवशी तालीम करून ठेवा, सूर्य गोल दिसेल तेवढंच. आणि ज्योतिर्विद्या परिसंस्था ही खगोलप्रेमींची संस्था, १९४४ पासून पुण्यात आहे, टिळक स्मारक मंदिरात, तिथली हौशी मंडळी काही करणार असतील तर आधीच विचारून घ्या, ऐन वेळी गर्दी होते.

प्रश्न: त्या दिवशी मुलांनी डबा खायचा का? सासूबाई नको म्हणतायत.

उत्तर: खाऊ दे की. अन्नाला काही होत नाही. सासूबाईंना वाद न घालता झारा घेऊन बाल्कनीत बोलवा, "दे दान सुटे गिराण" ची आरोळी त्यांनी लहानपणी ऐकलेली असेल, ती पोरांना ऐकवायला सांगा. डबा तेवढ्यात संपतो.