नेक्सॉन ईव्ही की एक्सयूव्ही४००: तारे सारखेच, फरक कुठे?

वाकड ते हिंजवडी रोज, अधूनमधून सातारा, मागे दोन लहान मुलं. वापरलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही आणि महिंद्रा एक्सयूव्ही४०० या विजेवरच्या गाड्यांतली सुरक्षित कुठली, असं तुम्ही विचारलंय. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या भारत एनकॅपने २०२४ मध्ये दोन्हींना पाच तारे दिलेत, त्यामुळे आतले गुण बघावे लागतात.

समोरच्या धडकेत (ताशी ६४ किमी) एक्सयूव्हीला १६ पैकी १४.३८, नेक्सॉनला १४.२६. बाजूच्या धडकेत १६ आणि १५.६०. एवढ्याशा फरकावर गाडी ठरवू नका. मुलांच्या सुरक्षेत नेक्सॉनला ४९ पैकी ४४.९५, एक्सयूव्हीला ४३. पण इथेही प्रत्यक्ष धडकेचे गुण दोघींना जवळजवळ पूर्ण आहेत. फरक पडला तो गाडीतल्या सोयींच्या १३ गुणांत, ९ आणि ७. तिथे सीटबेल्ट, आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे हुक), पुढची एअरबॅग बंद करायची सोय अशा गोष्टी मोजतात. म्हणून गाडी बघायला जाताना दोन्ही चाइल्ड सीट बरोबर न्या आणि बसवूनच बघा.

खरा फरक व्हेरियंटचा आणि सालाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीत सगळ्यात खालच्या व्हेरियंटपासून सहा एअरबॅग आणि ईएसपी (घसरणारी गाडी ताब्यात ठेवणारी यंत्रणा) आहे. त्याआधीच्या प्राइम आणि मॅक्स या जुन्या नेक्सॉन ईव्हींना वरचे गुण लागू नाहीत. विकणारा पाच तारे सांगेल, ऐकू नका. एक्सयूव्हीत सहा एअरबॅग ईएल या वरच्या व्हेरियंटला, ईसी या खालच्याला दोनच. ईसी कितीही स्वस्त मिळाली तरी मुलांसाठी घेऊ नका. बाजूने धडक बसली की डोकं वाचवते ती खिडकीवरून पडद्यासारखी उघडणारी कर्टन एअरबॅग, आणि दोनमध्ये ती नसते.

बॅटरीतलं रसायन वेगळं: नेक्सॉनची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), एक्सयूव्हीची एनएमसी (निकेल मँगनीज कोबाल्ट). एलएफपी जास्त तापमानापर्यंत तग धरते आणि बिघडली तरी कमी उष्णता सोडते, म्हणून माझा कल तिकडे. तरी वापरलेल्या गाडीत रसायनापेक्षा बॅटरी पॅकचा तळ महत्त्वाचा. रॅम्पवर चढवून खालून बघा. पॅकखालच्या गार्डवर नुसते ओरखडे चालतील, पण खोल पोचा असेल तर गाडी सोडा, कारण आतल्या सेलला लागलेला मार वरून दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकता नगरीत गाड्या पाण्यात होत्या, म्हणून विम्याच्या क्लेमचा इतिहास मागाच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरातल्या गाडीत टोकाशी गाळाची रेघ सापडते. टायर बदललेले असतील तर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

आणि एक, साताऱ्याहून परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. कात्रजजवळ बॅटरी १०० टक्के भरून निघालात तर रीजेन (मोटरनेच गाडी हळू करून बॅटरी भरणं) फारसं मिळत नाही, गाडी सवयीपेक्षा जास्त धावते. तिथे चार्जिंग ८०-८५ वर थांबवा आणि ब्रेक लवकर लावा.

दोन्ही चांगल्या स्थितीत मिळत असतील तर सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली नवी नेक्सॉन घ्या. ती बजेटमध्ये बसत नसेल तर एक्सयूव्ही, पण ईएलच.