किब्बरला हिमबिबट्या पाहायचा तर १२×५० दुर्बीण घ्यावी का?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही चौघे हिमाचलमधल्या स्पितीत किब्बरला जाणार आहोत. पक्षीनिरीक्षणाची ८×४२ (८ पट, ४२ मिमी भिंग) दुर्बीण आहे. १२×५० घ्यावी की स्पॉटिंग स्कोप? मला चष्मा आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुर्बीण आहे तीच राहू द्या, पैसे स्कोप (ट्रायपॉडवर लावायची, जास्त पटीची एकनळी दुर्बीण) आणि ट्रायपॉडमध्ये घाला. किब्बरला बहुतेक वेळा दरीच्या एका कडेवर बसून पलीकडचा उतार न्याहाळायचा असतो. दीड किलोमीटरवरचं जनावर १२ पटीत सव्वाशे मीटरवर असल्यासारखं दिसतं, ३० पटीत ५० मीटरवर. करड्या खडकावरचा करडा प्राणी ओळखायला हा फरक लागतोच. शिवाय ४२०० मीटर उंचीवर, दम लागलेला असताना, १२ पटीची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही.

चौघांत एक स्कोप पुरे. २०-६० झूम, ६५ मिमी भिंग, आणि आयपीस (डोळा लावायचं टोक) तिरका असलेला. सरळ आयपीस असेल तर प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे ट्रायपॉड वरखाली करावा लागतो, आणि तेवढ्यात बिबट्या कड्याआड जातो. ६० पटीच्या आकड्याला भुलू नका. ६५ भागिले ६० म्हणजे डोळ्यात जेमतेम १.१ मिमीचा प्रकाशझोत येतो, चित्र अंधारतं. ऊन चढलं की तापलेल्या हवेने ते थरथरायलाही लागतं. प्रत्यक्षात २५ ते ४० पटच वापरात राहते. सुरुवात नेहमी २० पटीवर करा, नाहीतर समोर नुसता खडक दिसतो आणि तो कुठला हेच कळत नाही.

ट्रायपॉडवर काटकसर नको. मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात सगळं हलतं. वजनासाठी त्याला पिशवी अडकवलीत तर ती जमिनीला टेकलेली ठेवा. लोंबकळली तर उलट झोके देते.

चष्मा लावूनच पाहायचं असेल तर आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा आयपीसपासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) १६ मिमीच्या वर हवा आणि आयकप (आयपीसभोवतीच्या कडा) आत फिरवलेले. नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

शोध मात्र दुर्बिणीनेच. उतार आडव्या पट्ट्यांत, एकमेकांवर थोडा चढवत पाहा. भरलांचा (हिमबिबट्याचं भक्ष्य असलेल्या डोंगरी मेंढ्यांचा) कळप चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा दिसला, की स्कोप तिकडे वळवा.

संध्याकाळी खोलीत शिरण्याआधी उपकरणं बॅगेत बंद करा आणि तासभर तशीच ठेवा. थंड भिंगावर लगेच दव धरतं. भिंगावर तोंडाने फुंकर मारू नका, वाफ तिथेच गोठते.