मॉरिस मायनरचा पेट्रोल पंप बंद पडलाय, नवीन बसवू का?

प्रश्न : नमस्कार सर, वडिलांची १९५८ ची मॉरिस मायनर १००० आहे, पावसाळाभर शेडमध्येच उभी होती. आता बॅटरी चार्ज करून चावी फिरवली तर लाल लाइट लागते, सेल्फ मस्त फिरतो, पण बॉनेटखालचा पेट्रोल पंप पूर्वी टकटकायचा तो गप्प आहे. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीत) वरून पेट्रोल टाकलं की गाडी थोडा वेळ चालते आणि बंद पडते. मीटर लावला तर पंपाच्या वायरवर १२ व्होल्ट येतात, म्हणून मेकॅनिक म्हणतो पंप गेला, बाजारातला चौकोनी इलेक्ट्रिक पंप टाकून देतो. टाकू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थांबा, एवढ्यात पैसे घालू नका. वरून पेट्रोल टाकल्यावर गाडी चालते म्हणजे इग्निशन कॉइल, प्लग, टायमिंग सगळं ठीक आहे, भानगड फक्त पेट्रोल पुढे येण्याची आहे. आणि मीटरवरच्या त्या १२ व्होल्टवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. मीटर करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे वायरचा एकच तंतू शिल्लक असला किंवा टर्मिनलवर हिरवा गंज चढला असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, पण पंप ओढायला लागला की सगळं बसतं.

त्यापेक्षा जुना टेस्ट लॅम्प बरा, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी. चावी ऑन करून एक टोक पंपाच्या टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीचं जे टोक बॉडीला जोडलंय त्याला लावा. इथे एक लक्षात ठेवा, तुमची गाडी कंपनीतून पॉझिटिव्ह अर्थ आलेली आहे, मध्येच कुणी बदललं नसेल तर प्लस बॉडीला असणार. बल्ब झगझगीत लागला तर सप्लाय चांगला. मग तेच टोक बॅटरीवरून काढून थेट पंपाच्या बॉडीला लावा. आता मंद झाला तर अर्थ गेलाय, पंपावरच अर्थच्या वायरीचा स्क्रू असतो तो सोडून घासा, आणि ती वायर पुढे पत्र्याला जिथे जोडलीये तिथला रंग-गंजही खरवडा. माझ्या मते उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हाच दोष सगळ्यात जास्त असतो आणि तोच कुणी बघत नाही. पहिल्यांदाच मंद लागला तर दोष मागे आहे, ती पांढरी वायर (आता मळून कुठल्याही रंगाची झाली असेल) फ्यूजबॉक्सपासून तपासत या.

दोन्हीकडे बल्ब नीट लागतोय आणि पंप तरी गप्प, मग पंपाकडे वळा. हा एसयू कंपनीचा पंप, काम अगदी साधं. आत कॉइल आहे, ती डायफ्रॅम (लवचीक पडदा) ओढते तेव्हा टाकीतून पेट्रोल खेचलं जातं, ओढ संपली की पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात, कॉइल सुटते, स्प्रिंग डायफ्रॅम ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं, मग पॉइंट परत जुळतात. तीच ती टकटक. फ्लोट चेंबर भरलं की पंप आपोआप थांबतो, म्हणून चावी फिरवल्यावर थोडा टकटकून गप्प बसणं हे निरोगी लक्षण आहे.

आता पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या अंगावर हलकेच टकटक करा, हलकेच म्हणतोय, हातोडा नको. चालू झाला तर पॉइंट काळे पडलेत, महिनोन्महिने उभ्या गाडीत हे होतंच. बॅटरीची वायर काढा, मगच बॅकेलाइटचं काळं टोपण उघडा (पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको), एकदम बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटमधून ओढा आणि शेवटी कोरी कागदाची पट्टी ओढून भुसा काढा. घासून पार चपटे करू नका.

तरीही गप्प असेल तर पंपाला येणारी टाकीकडची पाइप सैल करून बघा. टकटक सुरू झाली तर मागची लाइन चोंदलीये किंवा टाकीत हवा जाण्याचं भोक बंद आहे. तसं नसेल आणि कार्बोरेटरकडची पाइप काढल्यावर (तोंडाला बाटली धरून) चालू झाला तर फ्लोटची सुई (चेंबर भरलं की पेट्रोल अडवणारी) चिकटलीये, पंप निर्दोष. हे करताना चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका! पंप पॉइंट जुळलेल्या अवस्थेत अडकला तर कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती तापून जळते, मग मात्र मेकॅनिक खरा ठरेल.

राहिला डायफ्रॅम. रबर-कापडाचा तो कडक झाला की पॉइंट पलटी मारेपर्यंत कॉइल त्याला ओढू शकत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून (ई२० २०२३ पासून यायला लागलं) जुन्या रबराचे हाल जास्त दिसतात, नवा घेताना इथेनॉल सोसणाराच मागा. बसवताना डायफ्रॅमच्या कडेला छोटे पितळी रोलर असतात, ११, उघडताना खाली कापड अंथरा नाहीतर शेडभर शोधत बसाल. सेटिंग असं की डायफ्रॅम आत घट्ट फिरवून मग हळूहळू उलटा सोडत, दाबून बघत जायचं, जिथे पॉइंट जेमतेम पलटी मारतील तिथून जवळच्या भोकावर आणायचा आणि आणखी चार भोकं मागे.

चौकोनी पंपाचं म्हणाल तर माझं उत्तर नाही. त्यातले बरेच चार ते सात पीएसआय दाब देतात, तुमच्या कार्बोरेटरच्या सुईला तो झेपत नाही, पेट्रोल ओसंडून तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय तो पॉझिटिव्ह अर्थवर उलटा जोडला तर पहिल्याच झटक्यात जाईल. बदलायचाच असेल तर एसयूचाच घ्या, इलेक्ट्रॉनिक प्रकार घेतलात तर अर्थची बाजू सांगूनच घ्या.

प्रश्न : आमच्या पद्मिनीलाही हेच सगळं लागू होतं का? घाटात गरम झाली की पेट्रोल येत नाही. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही, पद्मिनीचा पंप मेकॅनिकल, इंजिनच्या कॅमवर चालतो, तिथे वायर नाही आणि टकटकही नाही. गरम झाल्यावरच बंद पडते आणि थंड झाली की चालते म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडतेय, पंपावर ओलं फडकं टाकून बघा, उठली तर नक्की तेच. मग पाइप एक्झॉस्टला चिकटलीये का ते बघून थोडी दूर बांधा.